पंखावरील शिरांचा हिशेब : रोगवाहक कीटकांची ओळख आणि आकारमिती

रोगनियंत्रणाच्या कामात कीटकाची जात ओळखण्यात चूक झाली की फवारणी, मनुष्यबळ आणि वेळ हे तिन्ही चुकीच्या जागी खर्च होतात आणि रोग मात्र आपल्या वाटेने पसरत राहतो. येथे जात हा शब्द जीवशास्त्रातील अर्थाने घ्यावयाचा आहे: आपसांत प्रजनन करणारा आणि शेजारच्या तशाच समूहांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग राहणारा समूह म्हणजे जात, आणि निकटच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती. हिवतापाचे जंतू वाहून नेणारी ॲनोफिलीस ही डासांची एक प्रजाती असून जगभरात तिच्या ४५० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. माणसांत हिवताप पसरवण्याची क्षमता मात्र त्यांपैकी सुमारे ७० जातींतच आहे. भारतात या प्रजातीच्या सुमारे ६० जाती आढळतात आणि प्रमुख वाहक म्हणून क्युलिसिफेसीस, स्टीफेन्सी, फ्लुविआटिलिस, मिनिमस, डायरस आणि सुंडाइकस या सहांचीच नावे घेतली जातात. या सहा नावांच्या आतही पुन्हा गुंता आहे. फ्लुविआटिलिस या एका नावाखाली दिसण्यात सारख्या असलेल्या किमान तीन जाती दडलेल्या आहेत. त्यांतील ‘एस’ ही माणसाच्या रक्ताकडे वळणारी आणि अत्यंत सक्षम वाहक आहे, तर ‘टी’ प्रामुख्याने गुरांवर पोसते. क्युलिसिफेसीस या नावाखाली तर ए ते ई अशा पाच जाती आहेत आणि त्यांतील ‘बी’ ही हिवतापाच्या दृष्टीने फारच दुबळी वाहक ठरली आहे. ज्या गावात केवळ ‘बी’ आहे तेथे डासांची संख्या पाहून केलेली फवारणी हिवतापाविरुद्ध जवळजवळ निरुपयोगी असते.

अशा एकसारख्या दिसणाऱ्या, परंतु वर्तनाने आणि रोगवहनाच्या क्षमतेने भिन्न असलेल्या जातींना भगिनी जाती म्हणतात. डोळ्यांना, किंबहुना सूक्ष्मदर्शकालाही, जो फरक एकेका लक्षणात सापडत नाही तो शरीराची मापे घेऊन सापडेल काय, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. शरीराच्या मापांवरून आकाराचा अभ्यास करण्याच्या या शाखेला आकारमिती म्हणता येईल. प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे विवेचन त्यावरच उभे आहे. आकारमान म्हणजे वस्तू किती मोठी आहे हे सांगणारे माप, तर आकार म्हणजे तिच्या भागांची परस्परांशी असलेली मांडणी, जी वस्तू लहानमोठी केली, सरकवली किंवा फिरवली तरी बदलत नाही. एकाच साच्यातील मोठी आणि लहान करंजी आकाराने सारखी आणि आकारमानाने वेगळी असते. आकारमितीचा गेल्या १०० वर्षांचा इतिहास हा या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात युरोपातील एका कोड्यातून झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अनेक देशांतील संशोधकांच्या लक्षात आले की ॲनोफिलीस मॅक्युलिपेनिस या डासांची संख्या भरपूर असूनही काही प्रदेशांत हिवताप जवळजवळ नाही, तर काही ठिकाणी तो ठाण मांडून बसला आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एमिल रूबो यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी असा तर्क मांडला की जनावरांच्या जाड कातडीतून रक्त शोषण्यास सरावलेल्या डासांच्या जबड्यावरील दात संख्येने अधिक असावेत. म्हणून त्यांनी दात मोजून त्यांची सरासरी काढली आणि त्या अंकावरून एखाद्या भागातील डास गुरांकडे वळलेले आहेत की माणसांकडे, हे ठरवण्याचा प्रयत्न केला. कल्पना सुंदर होती, पण दातांची संख्या डासाच्या एकूण आकारमानाबरोबर कमीजास्त होत असल्याने ती भरवशाची खूण म्हणून टिकली नाही. नेदरलँड्समध्ये १९२७ मध्ये व्हान थील यांनी पंखांची लांबी मोजून आखूड पंखांचा, काळसर असा एक प्रकार वेगळा काढला आणि त्याला ॲट्रोपार्व्हस हे नाव दिले. हा डास किनाऱ्याकडील मचूळ पाण्यात वाढतो, हिवाळ्यात घरांच्या आणि गोठ्यांच्या उबेत अर्धवट जागा राहतो आणि त्या काळातही चावे घेत असल्याने कुटुंबाच्या कुटुंबाला हिवताप देतो. गोड्या पाण्यात वाढणारा लांब पंखांचा प्रकार मात्र थंडीत पूर्ण निद्रेत जातो, हे स्वेलनग्रेबल आणि डी बुक यांच्या कामातून पुढे स्पष्ट झाले.

पंखांच्या लांबीने दोन प्रकारांकडे बोट दाखवले, परंतु त्यांच्यातील सीमारेषा मात्र तिला आखता आली नाही, कारण दोन्ही प्रकारांच्या लांबीचे पल्ले एकमेकांत शिरत होते आणि ऋतू व पाण्याचे तापमान यांनुसार सरकतही होते. शेवटी कोडे उलगडले ते अंड्यांवरून. इटलीतील सार्वजनिक आरोग्य निरीक्षक दोमेनिको फाल्लेरोनी यांनी १९२६ मध्ये डासांच्या अंड्यांवरील रंगाचे नमुने वेगवेगळे असल्याचे नोंदवले होते. पुढे हॅकेट, मार्टिनी आणि मिसिरोली यांनी त्या नमुन्यांचा आधार घेतला आणि युरोपातील हिवतापाचा नकाशा या जातींच्या नकाशाशी जुळतो हे दाखवून दिले. या प्रकरणाचे महत्त्व आकारमितीच्या दृष्टीने फार मोठे आहे. एका मापावर विसंबलेली पद्धत योग्य दिशा दाखवू शकते, पण ते माप आकारमानाशी बांधलेले असेल तर ती निकाल देऊ शकत नाही, ही गोष्ट तेथे प्रथमच ठळकपणे पुढे आली.

भारतातील याच धर्तीचे उदाहरण ॲनोफिलीस स्टीफेन्सीचे आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. या डासाचे पहिले शास्त्रीय वर्णन ग्लेन लिस्टन यांनी १९०१ मध्ये केले ते एलिचपूर, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूर येथील नमुन्यांवरून; विहिरी, हौद आणि गच्चीवरील टाक्या यांत वाढणारा हा डास मुंबईच्या हिवतापाचा मुख्य वाहक म्हणून पुढे कुप्रसिद्ध झाला. स्वीट आणि राव यांनी १९३७ मध्ये दाखवले की त्याच्या अंड्यांत प्रकार आहेत. ॲनोफिलीसचे अंडे होडीसारखे असते आणि त्याच्या दोन्ही कडांना हवेने भरलेले तरंगक असतात. त्या तरंगकावर आडव्या कंगोऱ्यांची ओळ असते, आणि ते कंगोरे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजता येतात. मूळ प्रकारात ते १४ ते २२ असतात, मध्यम प्रकारात १२ ते १७ आणि मायसोरेन्सिस या प्रकारात ९ ते १५. मूळ प्रकार शहरी आणि सक्षम वाहक मानला जातो, तर मायसोरेन्सिस हा भारतात ग्रामीण भागातला, गुरांवर पोसणारा आणि दुबळा वाहक समजला जातो. आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर अडचण लगेच दिसते: १४ किंवा १५ कंगोऱ्यांचे एक अंडे हाती आले तर ते तिन्हींपैकी कोणत्याही प्रकाराचे असू शकते. म्हणून एका मादीने घातलेल्या अनेक अंड्यांची मोजणी करावी लागते आणि त्यासाठी मादी पकडून, तिला रक्त पाजून, अंडी घालीपर्यंत जिवंत ठेवावी लागते. सापळ्यात मेलेल्या डासांच्या बाबतीत ही वाट बंदच असते.

अनेक मापे एकत्र घेतली तर एकेका मापातील गोंधळ कमी होईल, या विचाराला गणिती रूप देण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे नाव अग्रभागी आहे, आणि त्या कामाची सुरुवात नागपूरला झाली हे मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसते. भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १९२० मधील नागपूर अधिवेशनात प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्याची विनंती महालनोबिस यांना केली. त्या कामातून पुढे १९३६ मध्ये दोन समूहांमधील ‘व्यापक अंतरा’ची त्यांची संकल्पना आकाराला आली, जी आज जगभर महालनोबिस अंतर म्हणून ओळखली जाते. तिचा गाभा असा: दोन समूहांच्या सरासरींत नुसता फरक किती आहे हे पाहून भागत नाही, प्रत्येक माप समूहाच्या आतच किती हेलकावते आणि मापे एकमेकांबरोबर कशी वाढतात-घटतात हे लक्षात घेऊन तो फरक तोलावा लागतो. त्याच वर्षी रोनाल्ड फिशर यांनी आयरिस फुलांच्या चार मापांवरून जाती वेगळ्या करणारे भेददर्शक सूत्र प्रसिद्ध केले. माणसांच्या डोक्याची मापे घेऊन वंश ठरवण्याच्या उद्योगाने त्या काळात अनेक चुकीचे आणि घातक निष्कर्ष काढले हे खरेच आहे, पण तेथे घडलेले गणिती हत्यार आज डासमाशांच्या ओळखीत सर्रास वापरले जाते. योगायोगाची गोष्ट अशी की याच ॲनंडेल यांनी ब्रुनेटी यांच्यासह १९०८ मध्ये फ्लेबोटोमस अर्जेंटिपस या वाळूमाशीचे वर्णन केले होते. ती काळा आजार पसरवते हे १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी सिद्ध केले, आणि ती एकच जात आहे की अनेक जातींचा समूह आहे हा वाद शृंगिकेवरील संवेदी रोमांची लांबी मोजून आजही सोडवला जात आहे.

तरीही या अनेक-मापी पद्धतीतही एक उणीव राहिली होती. पंखाची लांबी, रुंदी, पायाच्या खंडांची लांबी अशा सुट्या अंतरांच्या यादीतून मूळ आकार पुन्हा उभा करता येत नाही, कारण ती अंतरे एकमेकांच्या सापेक्ष कोठे होती ही माहिती हरवलेली असते. डार्सी थॉम्पसन यांनी १९१७ मध्येच एका प्राण्याच्या चित्रावर चौकटींची जाळी आखून ती ताणत-वाकवत दुसऱ्या प्राण्याचा आकार मिळवून दाखवला होता, पण त्याला मोजमापाची जोड नव्हती. ती जोड १९८० च्या दशकात मिळाली. डेव्हिड केंडल यांनी १९८४ मध्ये आकारांच्या अवकाशाचे गणित मांडले, आणि फ्रेड बुकस्टीन यांनी पातळ धातूचा पत्रा वाकवताना लागणाऱ्या ऊर्जेचे सूत्र घेऊन थॉम्पसन यांच्या जाळीला अंकांचा आधार दिला. रोल्फ आणि मार्कस यांनी १९९३ मध्ये या बदलाला आकारमितीतील क्रांती म्हटले. या नव्या पद्धतीला भूमितीय आकारमिती म्हणतात.

तिची कृती समजण्यास अवघड नाही. प्रत्येक नमुन्यावर तेच ते खूणबिंदू निवडायचे, म्हणजे असे बिंदू जे प्रत्येक कीटकात निःसंशय ओळखता येतात, आणि त्यांचे दोन निर्देशांक नोंदवायचे. मग सर्व नमुने एकाच मध्यबिंदूवर आणायचे, सर्वांचे आकारमान समान करायचे आणि परस्परसंगत बिंदूंमधील अंतरे किमान होईपर्यंत त्यांना फिरवायचे. वाटसरूंना आपल्या खाटेच्या मापात बसवण्यासाठी ताणणाऱ्या किंवा छाटणाऱ्या ग्रीक कथेतील दरोडेखोराच्या नावावरून या जुळवणीला प्रोक्रस्टीझ अध्यारोपण म्हणतात. हे नाव थोडे अन्यायकारक आहे, कारण येथे छाटाछाट होत नाही, फक्त स्थान, दिशा आणि आकारमान बाजूला काढले जाते. आकारमान फेकून दिले जात नाही: मध्यबिंदूपासून सर्व खूणबिंदूंच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले की मध्यबिंदू-आकारमान मिळते आणि ते स्वतंत्रपणे अभ्यासता येते. उरते तो शुद्ध आकार.

या पद्धतीला कीटकांचा पंख जणू मुद्दाम घडवल्यासारखा सोयीचा आहे. तो जवळजवळ सपाट असल्याने छायाचित्रात त्याची तिसरी मिती हरवण्याचा धोका कमी असतो. तो कडक असतो, वाळल्यावर सुरकुतत नाही, आणि त्यावरील शिरा जेथे एकमेकींना मिळतात किंवा कडेला टेकतात ते बिंदू प्रत्येक डासात त्याच क्रमाने येतात. प्रत्यक्षात काम असे चालते: डासाचा उजवा पंख मुळाशी चिमट्याने अलग करायचा, डासांच्या शिरांवर दाट खवले असल्याने ते ब्रशने किंवा सौम्य विरंजक द्रावणाने उतरवायचे, पंख काचपट्टीवर सपाट बसवून वरून झाकणकाच ठेवायची, छायाचित्र घ्यायचे आणि संगणकाच्या पडद्यावर बहुधा १८ ते २० बिंदूंवर एकामागून एक खूण करायची. दोन शिरा मिळतात तो कोपरा पडद्यावर मोठा केला की टोकदार राहत नाही, त्याला गोलाई असते, आणि नेमकी त्या गोलाईच्या कोणत्या ठिकाणी खूण करायची हे खूण करणाऱ्याच्या हातावर ठरते. म्हणून तेच पंख त्याच व्यक्तीने काही दिवसांनी आणि दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे पुन्हा मोजणे, आणि त्यातून निघणारी चूक निष्कर्षांबरोबर छापणे, ही शिस्त या शास्त्रात अनिवार्य मानली पाहिजे. दुर्दैवाने ती सर्वत्र पाळली जात नाही. ज्या भागावर निश्चित खूणबिंदू सापडत नाहीत, उदाहरणार्थ अंडे किंवा पंखातील एखादे बंद दालन, त्याच्या बाह्यरेखेचा लहरींच्या बेरजेच्या रूपात अभ्यास करण्याची कुहल आणि जियार्डिना यांची १९८२ ची पद्धत वापरली जाते. त्सेत्से माशीच्या पंखातील कुऱ्हाडीच्या पात्यासारखे दालन हे त्याचे उत्तम क्षेत्र आहे.

हाती आलेल्या निष्कर्षांकडे पाहता एक गोष्ट निर्विवाद आहे: ज्या जाती एकमेकींपासून पुरेशा दूर आहेत त्यांच्यात पंखांचा आकार अतिशय चांगला भेद करतो. एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस हे डेंग्यूचे दोन वाहक, तसेच एडिस, क्युलेक्स आणि ॲनोफिलीस या प्रजाती केवळ पंखांवरून अलग ओळखता येतात. सापळ्यात सापडलेल्या डासाचे खवले झडलेले, पाय तुटलेले असतात, आणि पारंपरिक ओळखतक्ता मात्र पायांवरील पांढऱ्या पट्ट्यांवर व वक्षावरील नक्षीवर उभा असतो. अशा वेळी उरलेला एक शाबूत पंख फार मोलाचा ठरतो. दक्षिण अमेरिकेत शागास रोग पसरवणाऱ्या ट्रायटोमिनी ढेकणांमध्ये या पद्धतीचा सर्वांत जुना आणि समृद्ध वापर झाला. फ्रेंच संशोधक जाँ-पिएर दुजार्दँ यांनी बोलिव्हियातील कामापासून पुढे थायलंडपर्यंत ही पद्धत वैद्यकीय कीटकशास्त्रात रुजवली आणि त्यासाठी लागणारी आज्ञावली विनामूल्य उपलब्ध करून दिली. ज्या देशांत हे रोग आहेत तेथील प्रयोगशाळांना महागड्या रसायनांशिवाय काम करता यावे ही त्यामागील भूमिका केवळ स्तुत्य नव्हे, तर न्याय्यही आहे.

भगिनी जातींचे चित्र मात्र वेगळे आहे. जाती जितक्या अलीकडच्या काळात विभक्त झाल्या असतील तितके त्यांच्या आकारांचे ढग एकमेकांत मिसळलेले असतात; सरासरींत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम फरक दिसतो, पण एकेका डासाला नेमून दिलेली जात बऱ्याचदा चुकते. आफ्रिकेतील ॲनोफिलीस गॅम्बिई समूहाच्या जाती १९५० आणि १९६० च्या दशकांत संकराच्या प्रयोगांतून उघड झाल्या. भारतातील क्युलिसिफेसीसच्या ए आणि बी या जाती ग्रीन आणि माइल्स यांनी १९८० मध्ये गुणसूत्रांवरील उलट्या झालेल्या तुकड्यांवरून ओळखल्या. कोणत्याही मापाने हे काम आधी साधले नव्हते. आकारमितीवर होणाऱ्या लिखाणात ‘यशस्वी भेद’ असा शब्दप्रयोग सर्रास केला जातो, तेव्हा समूहांच्या सरासरींमधला भेद आणि एकेका नमुन्याची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाचकाने प्रत्येक वेळी तपासले पाहिजे.

हे तपासण्याचे कारण गणितातच दडलेले आहे. १८ खूणबिंदूंचे ३६ निर्देशांक होतात. त्यांतून स्थानाचे दोन, दिशेचा एक आणि आकारमानाचा एक असे चार अंश वजा केले की आकाराचे ३२ चल उरतात. प्रत्येक गटात २० पंख आणि चल ३२ असतील तर भेददर्शक सूत्राला इतकी मोकळीक मिळते की निव्वळ यादृच्छिक आकड्यांचेही सुरेख वेगळे पुंजके कागदावर उमटतात. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक नमुना एकदा बाजूला काढून उरलेल्यांवरून सूत्र बांधणे आणि मग त्या बाजूच्या नमुन्याची जात विचारणे. या कसोटीतून न गेलेली अचूकता गृहीत धरू नये. ही कसोटी पार करूनही प्रश्न संपत नाही. समजा, एखाद्या भागातील १००० डासांपैकी १० खरे वाहक आहेत आणि पद्धत ९५ टक्के अचूक आहे. ती १० वाहकांपैकी ९ किंवा १० ओळखील, पण उरलेल्या ९९० निरुपद्रवी डासांपैकीही सुमारे ५० डासांवर वाहक असा शिक्का मारील. म्हणजे वाहक म्हणून पुढे आलेल्या ६० पैकी ५० निर्दोष असतील. प्रयोगशाळेत समसमान संख्येने घेतलेल्या नमुन्यांवर मिळालेली ९५ टक्के अचूकता प्रत्यक्षातल्या या परिस्थितीविषयी काहीच सांगत नाही.

आकारमानाचा प्रश्न येथे पुन्हा डोके वर काढतो. अळी अवस्थेतील डासाला अन्न कमी मिळाले, एका डबक्यात गर्दी झाली किंवा पाणी उबदार असले तर प्रौढ डास लहान निपजतो. त्याच्या पंखाचे मध्यबिंदू-आकारमान पाहून तो कोणत्या परिस्थितीत वाढला हे सांगता येते, पण तो कोणत्या जातीचा आहे हे सांगता येत नाही. आकार तुलनेने अधिक स्थिर असून त्याला आनुवंशिकतेचा आधार मोठा असतो. तरीही तो आकारमानापासून सर्वस्वी मुक्त नसतो, कारण वाढीबरोबर अवयवांचे प्रमाणही थोडे बदलत जाते. प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या पाळलेल्या ट्रायटोमिनी ढेकणांचे आकारमान घटते हे अनेकदा नोंदले गेले आहे, म्हणून रानातल्या नमुन्यांची प्रयोगशाळेतल्यांशी तुलना करून जाती वेगळ्या असल्याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. नर आणि मादी यांच्या पंखांतील फरक तर इतका मोठा असतो की त्यांची सरमिसळ केलेला अभ्यास वाचण्याचीच गरज नाही.

जातीच्या ओळखीत ही पद्धत जेथे थांबते तेथूनच तिचे, या आढाव्याच्या मते सर्वांत मोलाचे, काम सुरू होते. एकाच जातीच्या दोन वस्त्यांमध्ये ये-जा आहे की नाही, हा तो प्रश्न. फवारणीनंतर काही महिन्यांनी घरात पुन्हा ढेकूण दिसले तर ते फवाऱ्यातून वाचलेल्यांची संतती आहेत की शेजारच्या रानातून आलेले नवे पाहुणे आहेत, यावर पुढची कृती ठरते: पहिल्या शक्यतेत फवारणी सदोष होती किंवा कीटक औषधाला दाद देत नाहीत, तर दुसरीत घराभोवतीच्या परिसराकडे वळावे लागते. फवारणीपूर्वी त्याच घरांतून जमा केलेल्या आणि नंतर सापडलेल्या ढेकणांच्या पंखांची तुलना करून बोलिव्हियात या प्रश्नाचा पाठपुरावा झाला. अर्जेंटिनाच्या वायव्य भागात शेळ्यांचे गोठे आणि कोंबड्यांची खुराडी यांतील ट्रायटोमा इन्फेस्टन्सचे पंख एकमेकांपासून वेगळे पडतात असेही दिसले. गिनीमधील कोनाक्री बंदरासमोरच्या लोस बेटांचे उदाहरण अधिक निर्णायक आहे. तेथील ग्लोसिना पाल्पालिस गॅम्बिएन्सिस या त्सेत्से माशीची वस्ती मुख्य भूमीवरील माशांपासून अलग पडली आहे हे २००६ मध्ये जनुकीय खुणा आणि पंखांचा आकार या दोन स्वतंत्र पुराव्यांनी सिद्ध झाले. वस्ती अलग असेल तर एकदा नष्ट केल्यावर ती बाहेरून पुन्हा भरली जात नाही, आणि त्यामुळे बेटांवरून माशीचे समूळ उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवणे व्यवहार्य ठरते. ही माशी पसरवत असलेल्या निद्रारोगाविरुद्धच्या लढ्यात एका पंखाच्या छायाचित्राने दिलेली ही मदत आहे.

एवढे असूनही पद्धतीची सर्वांत कच्ची बाजू संगणकात नसून संग्रहालयाच्या कपाटात आहे. अज्ञात पंखाची तुलना ज्ञात पंखांच्या संग्रहाशी होते. जी जात त्या संग्रहातच नाही तिचा पंख आला तर सूत्र ‘माहीत नाही’ असे उत्तर देत नाही, ते त्याला सर्वांत जवळच्या ओळखीच्या जातीत बसवते. असेच काहीसे आफ्रिकेत ओळखतक्त्यांच्या बाबतीत घडले. स्टीफेन्सी हा आशियाई डास २०१२ मध्ये जिबूतीत आणि २०१६ मध्ये इथिओपियात सापडला, पण तेथे वर्षानुवर्षे वापरात असलेला १९८७ चा गिलीज आणि कोएट्झी यांचा तक्ता आफ्रिकी जातींपुरताच होता आणि त्यात या डासाला जागाच नव्हती. तक्त्यात नसलेला डास दुसऱ्याच नावाने नोंदला जाण्याची शक्यता त्यामुळे कायम राहिली. कोएट्झी यांनी २०२० मध्ये सुधारित तक्त्यात त्याचा समावेश केला. अचलपूरच्या नमुन्यांवरून ओळखला गेलेला डास आज आफ्रिकेच्या शहरांतील हिवतापाचे संकट बनला आहे, आणि त्याच्या भारतीय वस्त्यांच्या पंखांचा गावनिहाय संग्रह असता तर तो कोठून गेला या प्रश्नावर जनुकीय पुराव्याच्या जोडीला आणखी एक स्वतंत्र साक्ष मिळाली असती.

जनुकीय खुणांच्या जमान्यात मापांची गरज उरली आहे काय, असा आक्षेप घेतला जातो. पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये जनुकाच्या एका ठरावीक तुकड्यावरून जाती ओळखण्याची कल्पना मांडली आणि भगिनी जातींच्या बाबतीत जनुकीय परीक्षणालाच अखेरचा शब्द मिळाला पाहिजे यात शंका नाही. परंतु जनुकीय परीक्षण प्रत्येक डासामागे पैसा मागते, आणि हजारो डास गोळा करणाऱ्या सर्वेक्षणात ते सर्वांवर करणे शक्य होत नाही. तेथे पंखाच्या आकाराने पहिली चाळणी करावी, संशयित आणि सीमेवरचे नमुने जनुकीय परीक्षणाकडे पाठवावेत, ही विभागणी शहाणपणाची आहे. वाळूमाश्यांच्या बाबतीत तर ती विशेष उपयोगी ठरेल. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांमध्ये १९६५ मध्ये सापडलेला चांदीपुरा विषाणू वाळूमाश्यांमार्फत पसरतो. या माश्या दोन-तीन मिलिमीटरच्या असतात आणि त्यांची पारंपरिक ओळख पटवण्यासाठी डोके उघडून घशातील दातांची रचना आणि मादीची शुक्राणुपिशवी पाहावी लागते, जे काम येणारे हात सर्वत्र कमी होत चालले आहेत.

म्हणून महाराष्ट्र आणि गोव्यातील हिवताप, हत्तीरोग व डेंग्यू सर्वेक्षणाच्या कामाकडे एकच मागणी करावीशी वाटते. पकडलेल्या प्रत्येक तुकडीतील काही डासांचा उजवा पंख काचपट्टीवर आणि एक पाय अल्कोहोलमध्ये राखून ठेवावा, दोन्हींवर गाव, तारीख, सापळ्याचा प्रकार आणि पकडणाऱ्याचे नाव लिहावे, आणि जनुकीय परीक्षणाने जात निश्चित झाली की तीही त्याच चिठ्ठीवर नोंदवावी. चांगला बसवलेला पंख काचपट्टीवर अनेक दशके टिकतो, आणि त्याला लागणारी जागा एका काडेपेटीएवढीही नसते.